घड्याळ, त्याचं खोकं आणि आपली नाडी

(मंचाच्या वार्षिक मेळाव्यात न्यू जर्सी येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'तंत्रज्ञान, आरोग्य आणि आपण' असा भारदस्त विषय छापला आहे. तो संयोजकांनी दिला. मी बोलणार आहे एका घड्याळाबद्दल, आणि ते ज्या खोक्यातून आलं त्या खोक्याबद्दल. माझ्या साठीला मुलीने ॲपलचं 'सिरीज ११' घड्याळ दिलं. ते मनगटावर चढून आज अकरा दिवस झाले. म्हणजे माझी मतं अकरा दिवसांची आहेत, तेवढंच वजन त्यांना द्या. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या हातावर असं काही ना काही आहेच, मला इथून दिसतंय. ज्यांच्या हातावर नाही त्यांची मुलं येत्या वाढदिवसाला देतील. आणि आपण सगळेच भारतात जाताना आईवडिलांसाठी एखादं बॅगेत टाकतो. म्हणून म्हटलं, आपल्या मंचावर या वस्तूबद्दल जरा खुलेपणाने बोलावं.

आधी खोकं. मराठी घरात खोकं ही एक स्वतंत्र मालमत्ता असते. वडिलांना लग्नात मिळालेल्या एचएमटी घड्याळाची डबी आईने पुढे तीस वर्षं सुया आणि बटणांसाठी वापरली. घड्याळ दोनदा दुरुस्तीला गेलं, डबीला काही झालं नाही. (त्या एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला सुरू झाला आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आपल्या पिढीच्या नोकरीइतकंच त्याचं आयुष्य.) तर माझ्या या नव्या घड्याळाचं खोकं लांबट, पांढरं. त्याच्या पोटात आणखी दोन: एकात घड्याळ, दुसऱ्यात पट्टा. प्लास्टिक शोधून सापडलं नाही, सगळं कागदाचं. कागदाची पट्टी ओढली की ती एका दमात निघते, झाकण हळूच हवा सोडत वर येतं. मी इंजिनियर आहे, मला ठाऊक आहे की झाकणाने किती सेकंदात वर यावं याच्यावरही कुणीतरी पगार घेऊन काम केलेलं असतं. तरी मजा वाटली. ती नाकबूल करण्यात अर्थ नाही. आपल्यासारख्या मंडळींना कधीकधी वस्तू आवडण्याचीच लाज वाटते, ती वाटू नये असं माझं मत आहे.

खोक्यात चार्जिंगची वायर होती, भिंतीत खुपसायचा अडॅप्टर नव्हता. २०२० च्या सप्टेंबरपासून ॲपलने तो घड्याळाबरोबर देणं बंद केलं. कारण असं की लोकांकडे आधीच खूप अडॅप्टर आहेत, आणि उगाच आणखी बनवले तर पर्यावरणाचं नुकसान. तर्क बरोबर आहे. आमच्या खणात नऊ अडॅप्टर निघाले. नऊही जुन्या चौकोनी तोंडाचे आणि वायर नव्या गोल तोंडाची. दहावा विकत आणला. पर्यावरणाचं काय झालं ते तुम्हीच ठरवा.

पर्यावरणावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी हेच खोकं आलं असतं तर कदाचित त्यावर एक हिरवी खूण असती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने जाहीर केलं की सिरीज ९ मधली काही घड्याळं ही त्यांची पहिली 'कार्बन न्यूट्रल' उत्पादनं आहेत. दावा असा की उत्सर्जन किमान ७५ टक्क्यांनी कमी केलं आणि उरलेलं झाडं लावून भरून काढलं. मग जर्मनीतली एक पर्यावरण संस्था कोर्टात गेली. २०२५ च्या २६ ऑगस्टला फ्रँकफर्टच्या न्यायालयाने सांगितलं की अशी जाहिरात जर्मनीत करता येणार नाही. झाडं होती पॅराग्वेमधली, निलगिरीची. आणि ज्या जमिनीवर ती लावली त्यातल्या ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९ पर्यंतचेच होते. त्यानंतर झाडं राहतील की तोडली जातील, याची खात्री नाही. निलगिरी म्हटल्यावर ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात राहिलेल्यांचे कान टवकारले असतील. सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली आपल्याकडे निलगिरी लावली जात होती आणि विहिरींच्या पाण्याचं काय होणार यावर गावोगाव वाद चालले होते. तीच निलगिरी आता पॅराग्वेतून माझ्या मनगटापर्यंत आली. माझ्या खोक्यावर ती हिरवी खूण नाही. मला हे बरं वाटलं. उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटवणं हे खरं काम आहे, ते केलं असेल तर तेवढंच सांगावं. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी निलगिरीचा आडोसा कशाला?

आता खोक्याची मागची बाजू. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी असतात. रचना कॅलिफोर्नियात केली, ही पहिली. जुळणी अमुक देशात केली, ही दुसरी. माझ्या खोक्यावर व्हिएतनाम आहे. कॅलिफोर्नियाच्या ओळीत कंपनीचं नाव आहे, व्हिएतनामच्या ओळीत कुणाचंच नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या 'सॅकॉम' या कामगार हक्क संघटनेने एक अहवाल काढला. चीनमधल्या चोंगचिंग शहरात क्वांटा कंपनीच्या कारखान्यात ॲपल वॉच जोडायला व्यवसाय-शाळांतली मुलं 'इंटर्न' म्हणून लावली आहेत, त्यांना रात्रपाळी आणि जादा तास करावे लागतात, आणि काम नाकारलं तर पदविका मिळणार नाही असं सांगितलं जातं, असं त्यात म्हटलं होतं. संघटनेने अठ्ठावीस विद्यार्थ्यांशी बोलून तो लिहिला होता. ॲपलने चौकशी करतो असं सांगितलं.

हे दूरच्या देशातलं झालं. जवळचं सांगतो. इथून गाडीने पाऊण तासाच्या आत ऑरेंज नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळ ही नवी वस्तू होती. खंदकातल्या सैनिकाला अंधारात वेळ दिसावी म्हणून तबकडीवरचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवत. ऑरेंजमध्ये यू. एस. रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करायच्या. आकडा बारीक यावा म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, परत ओठांत. तसं त्यांना शिकवलेलंच होतं. काही वर्षांनी त्यांचे दात पडायला लागले, जबड्याची हाडं सडायला लागली. १९२७ साली पाच जणी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. त्यांच्यातल्या काही जणी काही वर्षांतच गेल्या. या देशातल्या औद्योगिक आजारांच्या कायद्यांमध्ये त्या खटल्याचा मोठा वाटा आहे. आपण इतकी वर्षं पार्कवेवरून ऑरेंजजवळून जातोय, आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मला मुलीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे कळलं.

तर खोकं झालं. आता घड्याळ हातावर.

एक गोष्ट लक्षात घ्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये पहिलं ॲपल वॉच आलं तेव्हा ते दागिना म्हणून आलं. साधं ३४९ डॉलरला, सोन्याचं दहा हजारापासून सतरा हजार डॉलरपर्यंत. २०१८ साली नवी प्रणाली आली ती त्या पहिल्या घड्याळांवर चालेना, सोन्याच्याही. म्हणजे सतरा हजारांचं सोनं तीन वर्षांत कालबाह्य. आजीच्या पाटल्या अजून चालतात. त्याच २०१८ मध्ये घड्याळात ईसीजी आला, पडल्यावर मदत बोलावण्याची सोय आली, आणि दागिना हळूहळू वैद्य झाला. आज ते ३९९ डॉलरपासून मिळतं आणि त्याची सगळी जाहिरात हृदयाभोवती फिरते. आपलं हृदय हा आपल्या समाजाचा नाजूक भाग आहे, सर्व अर्थांनी, म्हणून मी इथे थांबणार आहे.

सुरुवातीला घड्याळ फोनवरून तुमची माहिती घेतं. जन्मतारीख, स्त्री की पुरुष, उंची, वजन. मुख्य प्रश्न हे चार.  हे भरताना मला पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांनी मधुमेहावर आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी मिळून 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच दोन फोटो छापले, शेजारी शेजारी उभे राहून. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकसारखा, २२.३. म्हणजे उंची-वजनाच्या हिशोबात दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो, पोटाभोवती, यकृताभोवती. आपल्याकडे 'काटक' म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांच्यातही ती असू शकते. माझ्या घड्याळाने युडकिन आणि याज्ञिक दोघांचीही चार उत्तरं घेतली असती आणि वय सोडलं तर दोघांना एकाच रांगेत बसवलं असतं.

या देशातले डॉक्टर हे जाणतात, निदान जाणायला लागले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा अभ्यास करणारा 'मसाला' नावाचा प्रकल्प २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात चालला आहे. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. आणि २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक नियमांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातला गेला. तुमच्या डॉक्टरांनी तो विचारात घेतला नसेल तर पुढच्या भेटीत विचारा.

मग घड्याळाने वंश विचारावा का? माझ्या एका मित्राचं म्हणणं आहे, विचारावाच. मला एवढं सोपं वाटत नाही. फुफ्फुसं मोजायच्या यंत्रांत कित्येक दशकं वंश विचारला जात होता आणि काळ्या लोकांची फुफ्फुसं दहा-पंधरा टक्क्यांनी आणि आशियाई लोकांची चार-सहा टक्क्यांनी लहान असणंच 'नॉर्मल' धरलं जात होतं. परिणाम काय? खरा आजार असलेला माणूस 'तुमच्या वंशाच्या मानाने ठीक' ठरायचा. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ही पद्धत सोडा असं सांगितलं. जातीचा दाखला मागणाऱ्याचा हेतू काय आहे हे आपण विचारतो ना, तसंच हेही. कशासाठी विचारता आणि उत्तराचं काय करणार, हे आधी सांगा.

वंशापेक्षा वेगळा आणि जास्त सरळ प्रश्न आहे रंगाचा. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे आहेत. ते कातडीत उजेड टाकतात, रक्त हिरवा रंग शोषतं, परत आलेल्या उजेडाच्या चढउतारावरून नाडी कळते. ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड. मूळ युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनियरची, १९७४ सालची. २०२० च्या एप्रिलमध्ये तो वारला तेव्हा जगभर लोक त्याचंच यंत्र बोटाला लावून बसले होते. पण कातडीतलं मेलॅनिनसुद्धा उजेड शोषतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हॉस्पिटलातल्या बोटाच्या ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवलेल्या काळ्या रुग्णांमध्ये जवळजवळ १२ टक्के वेळा रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक कमी होता. गोऱ्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे तिप्पट. हे कोविडच्या ऐन लाटेत, जेव्हा तो एक आकडा बघून खाट द्यायची की घरी पाठवायचं हे ठरत होतं.

कातडीचे प्रकार मोजायची डॉक्टरांची जी पट्टी आहे, फिट्झपॅट्रिकची, ती १९७५ मध्ये आली तेव्हा तिच्यात गोऱ्या कातडीचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळी कातडी मागाहून पाचवी आणि सहावी म्हणून जोडली. आपण हसू नये. आपल्या वधूवरांच्या जाहिरातींची पट्टी आठवा: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. त्यापुढची पायरी छापतच नसत. आणि ही पट्टी इथल्या मराठी विवाहसंस्थांच्या फॉर्मवरूनही पुरती गेलेली नाही. घड्याळापुढे मात्र निमगोरी म्हणवून घेऊन भागत नाही, त्याला खरा रंग कळतो.

जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने ऑक्सिमीटर बनवणाऱ्यांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला, चाचणीत सगळ्या रंगांची माणसं पुरेशा संख्येने घ्या असा. तो आहे वैद्यकीय उपकरणांसाठी. घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा 'वेलनेस' या सदरात मोडतो, त्याला हा मसुदा लागू नाही. तेच घड्याळ, तेच मनगट, पण ईसीजी एफडीएच्या परवानगीचा आणि ऑक्सिजन आपला असाच. पडद्यावर दोन्ही सारख्याच सुबक दिसतात. (अमेरिकेत तर पेटंटच्या भांडणामुळे जानेवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ विकलेल्या नव्या घड्याळांत ऑक्सिजनची सोय बंदच होती. आता हिशोब घड्याळात न होता फोनमध्ये होतो.) मी चांगला सावळा आहे. माझी नाडी घड्याळ नीट दाखवतं, बोटांनी मोजून ताडून पाहिली. ऑक्सिजनच्या आकड्याकडे मी बघत नाही.

आता सर्वांत नवी गोष्ट, रक्तदाब. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एफडीएने ॲपलला उच्च रक्तदाबाची सूचना देण्याची परवानगी दिली. घड्याळ रक्तदाब मोजत नाही, हे नीट ऐका. ते तीस दिवस तुमच्या रक्तवाहिन्यांचा ठोक्याला मिळणारा प्रतिसाद बघतं आणि मग म्हणतं, मला तुमच्यात उच्च रक्तदाबाची लक्षणं दिसतात. कंपनीच्याच चाचणीचे आकडे सांगतो. ज्यांना खरोखर उच्च रक्तदाब होता त्यांच्यातल्या ४१.२ टक्क्यांना घड्याळाने ओळखलं. ज्यांना नव्हता त्यांच्यातल्या ९२.३ टक्क्यांना घड्याळाने गप्प राहून बरोबर सोडलं. म्हणजे घड्याळ बोललं तर ऐकावं. पण शंभर रक्तदाबवाल्यांमध्ये एकोणसाठ जणांच्या बाबतीत ते गप्पच राहील. माझी भीती या एकोणसाठांची आहे. कारण आपली वृत्ती मला माहीत आहे. 'चारशे डॉलरचं घड्याळ काही बोललं नाही, म्हणजे आपलं बीपी उत्तम' असं म्हणून आपण वार्षिक तपासणी पुढे ढकलणार. ईसीजीचंही तसंच. ते अनियमित ठोके ओळखतं, आणि कंपनी स्वतः लिहिते की हे घड्याळ हार्ट ॲटॅक कधीच तपासत नाही. छातीत दुखत असताना मनगट बघत बसणारा माणूस माझ्या परिचयाचा आहे. सुदैवाने त्याची बायको मनगट बघत बसली नाही, तिने ९११ लावला.

आणखी एक. ही रक्तदाबाची सूचना ज्यांना आधीच उच्च रक्तदाबाचं निदान झालं आहे त्यांच्यासाठी नाहीच. या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या किती जणांनी आज सकाळी गोळी घेतली, हात वर करा. (बरेच हात वर.) बघा. तुमच्यासाठी ही सोय नाही.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग घड्याळ काढून ठेवायचं का? नाही. स्टॅनफर्डने केलेल्या मोठ्या पाहणीत ४ लाख १९ हजार माणसांनी हे घड्याळ घालून भाग घेतला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अनियमित ठोक्यांची सूचना आली अर्ध्या टक्क्याला, म्हणजे दोन हजारांवर माणसांना. त्यात खऱ्या रोगाची माणसं सापडली, त्यांना लकवा होण्याआधी उपचार मिळण्याची संधी मिळाली. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सूचना आलेल्या सगळ्यांना तपासणीसाठी छातीवर लावायची पट्टी दिली जाणार होती. ती लावून, तपासता येईल अशी परत केली जेमतेम साडेचारशे जणांनी. आकडा मिळाला, पुढे काही झालं नाही.

इथे मला महाराष्ट्रातलं दृश्य आठवतं. २०२० च्या १५ सप्टेंबरला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. माझ्या आईच्या घरी सांगलीला आलेल्या ताईने आईचं बोट यंत्रात धरलं, आकडा वहीत लिहिला, आणि मग पाच मिनिटं बसून विचारलं: जेवण जातंय का, गोळ्या संपल्यात का, कोण येतं बघायला. दोन दिवसांनी परत आली. ऑक्सिमीटर तोच, आओयागीचाच, आणि घड्याळाच्या मानाने अगदी स्वस्तातला. पण तो आकडा एका माणसाकडे गेला आणि त्या माणसाला दवाखान्याचा रस्ता माहीत होता. या बायकांना त्यासाठी काय मिळत होतं? १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांना मानधनासाठी संप करावा लागला. तोडग्यात महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला. इथल्या हिशोबाने वीस डॉलर. माझ्या घड्याळाचा पट्टासुद्धा त्यात येत नाही.

आपण आईवडिलांसाठी घड्याळ नेतो तेव्हा हा भाग विसरतो. वय पंचावन्नच्या पुढे भरलं की पडल्याचं ओळखण्याची सोय आपोआप चालू होते. सोय उत्तम आहे. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हलला नाही तर घड्याळ तातडीच्या नंबरला फोन लावतं आणि आपल्यालाही कळवतं. पण एडिसनमध्ये रात्री दोन वाजता आपल्याला कळलं की सांगलीत आई पडली, तर आपण काय करणार? शेजारच्या काकूंना फोन. काकूंचा नंबर आपल्याकडे आहे का? त्यांच्याकडे किल्ली आहे का? त्यांना आपण शेवटचं कधी भेटलो? मी परवा फोनवर नंबर शोधला, काकूंच्या मुलाशी बोललो, किल्लीची व्यवस्था केली. घड्याळ अजून पाठवलेलं नाही.

माहितीच्या मालकीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वकील मंडळींचं वेगळं सत्र आहे. डॉक्टरांकडच्या आपल्या कागदपत्रांना १९९६ चा हिपा कायदा संरक्षण देतो. आपण स्वतः घड्याळात गोळा केलेल्या माहितीला तो सहसा देत नाही. ॲपल आरोग्याची माहिती कुलुपबंद ठेवतं, हे मान्य. पण आपण ती दुसऱ्या ॲपला देतो तेव्हा ते कुलूप आपणच उघडतो. जॉन हॅनकॉक या आयुर्विमा कंपनीने २०१८ मध्येच जाहीर केलं की त्यांच्या सर्व पॉलिसींबरोबर चालण्या-पळण्याची नोंद देऊन सवलत मिळवण्याची सोय येईल. आज सवलत आहे. जो नोंद देत नाही त्याला उद्या दंड लागला तर त्याला दंड म्हणणार नाहीत, 'सवलत नाही' म्हणतील. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायदा केला. न्यू जर्सीत तसा कायदा हवा असेल तर आपल्या आमदारांना पत्र लिहायचं आहे. मसुदा दाराशी ठेवला आहे, सही करून जा.

माझी वेळ संपली, घड्याळानेही तसं सांगितलं, मनगटावर टकटक करून. जाता जाता: मागच्या टेबलावर आपल्या डॉक्टर सदस्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची तीन यंत्रं मांडली आहेत. घड्याळ असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही मोजून घ्या, आकडा लिहून घ्या, आणि तिथे बसलेल्या डॉक्टरांशी बोलूनच उठा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाच मिनिटं पाय जमिनीला टेकवून शांत बसायचं, हात हृदयाच्या उंचीवर, आणि मोजताना बोलायचं नाही. ही शेवटची अट आपल्या मंचाला जड जाईल. चहाच्या स्टॉलवर मी आधीच सांगून ठेवलं आहे, अर्धा तास कुणालाही देऊ नका म्हणून.